प्रश्न तुमचे : भिंगरीकडे पाहणारा मुलगा आणि त्याच्या काळातली बालचित्रं

गेल्या अंकाच्या मलपृष्ठावर अठराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकार झाँ-सिमेओं शार्दँचं एक तैलचित्र छापलं होतं. जवाहिऱ्याचा मुलगा ऑग्युस्त-गाब्रिएल गोदफ्रुआ मेजाशी उभा आहे. पुस्तकं, कागद आणि दौत बाजूला सारून तो मेजावर फिरणाऱ्या भिंगरीकडे पाहतो आहे. हे चित्र १७३८ च्या पॅरिसच्या सालों प्रदर्शनात मांडलं गेलं. मूळ चित्र साधारण ६७ × ७६ सें.मी. आहे आणि आज लूव्र संग्रहालयात आहे. त्यावर सोलापूर शहरातून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

मुलगा अभ्यास टाकून खेळतो आहे. मग हे त्याचं व्यक्तिचित्र की ‘वेळ वाया घालवू नका’ असा उपदेश?
– शिक्षिका, जुळे सोलापूर

दोन्ही. पण उपदेशाचं वजन कमी आहे. शार्दँच्या अशा चित्रांवरून छापचित्रं निघत, त्यांच्याखाली छापणारे नीतिपर ओळी घालत आणि ती घरोघरी जात. त्या ओळी शार्दँच्या नसत. चित्रातल्या मुलाला कोणी रागवत नाही, दारातून कोणी डोकावत नाही. भिंगरी किंचित कलली आहे, म्हणजे ती अजून फिरते आहे. मुलाची बोटं नुकतीच मोकळी झाली आहेत. तिचा वेग संपेपर्यंत त्याला दुसरं काहीच दिसणार नाही, आणि शार्दँनं चितारलं आहे ते हे लक्ष.

वर्गात चित्र दाखवणार असाल तर मुलांना आधी मेजाचा खण शोधायला सांगा. तो अर्धवट उघडा आहे आणि त्यात खडू धरायची धातूची कांडी दिसते. म्हणजे हा मुलगा चित्रकलाही शिकतो. १७२८ साली चित्रकारांच्या राजसंस्थेनं शार्दँला घेतलं ते प्राणी आणि फळं रंगवणारा म्हणून. वस्तू मांडण्याची त्याची ती सवय इथे कामी आली आहे. दौत, पीस, कागदाची सुरळी यांच्याकडे तो मुलाच्या गालाइतक्याच आदरानं पाहतो.

त्या काळच्या चित्रांत झगा घातलेलं मूल मुलगा आहे की मुलगी हे कसं ओळखायचं? चित्राखाली राजपुत्राचं नाव आणि वर झालरीचा झगा, असं पाहून गोंधळ होतो.
– वाचक, रेल्वे लाइन्स

झग्यावरून काहीच ठरत नाही. सहा-सात वर्षांपर्यंत मुलगे आणि मुली दोघांनाही लांब झगा घालत. लंगोट बदलायला तो सोयीचा असे आणि वाढत्या अंगाला वर्षभर पुरत असे. सातव्या वर्षाच्या सुमाराला मुलाला विजार चढवत आणि तो बायकांच्या ताब्यातून पुरुष शिक्षकांकडे जाई. १७१० साली जन्मलेला पंधरावा लुई १७१७ मध्ये असाच मादाम द व्हाँतादूर या दाईसाहेबांकडून पुरुष पालकांच्या हाती सोपवला गेला. तोवर राजा होऊन त्याला जवळपास दीड वर्ष झालं होतं!

मग कुठे पाहायचं? पहिली जागा छाती. खांद्यावरून तिरकी गेलेली रुंद आकाशी रेशमी पट्टी आणि त्याला क्रूस असेल, तर तो ‘पवित्र आत्म्याच्या’ राजसन्मानाचा पट्टा. तो राजघराण्यातल्या मुलग्याला तान्हेपणीच मिळे. झगा कितीही नाजूक असला तरी पट्टा दिसला की मुलगा. दुसरी जागा हात. ढोल, चाबूक, लाकडी घोडा असेल तर बहुधा मुलगा. बाहुली, फुलांची परडी असेल तर बहुधा मुलगी. पक्षी, कुत्रा आणि मांजर मात्र दोघांच्याही हाती असतात, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नका. तिसरी जागा खांद्यांची मागची बाजू. तिथून लोंबणाऱ्या कापडी पट्ट्या चालायला शिकणाऱ्या मुलाला धरायच्या असत. त्या लिंग सांगत नाहीत, वय मात्र बऱ्यापैकी सांगतात.

तान्ह्या बाळाच्या हाती चांदीच्या घुंगरांचा खुळखुळा आणि टोकाला लाल पोवळं दिसेल. दात येताना चावायला ते असे आणि दृष्ट लागू नये म्हणूनही. हा विचार आपल्या घरांना काही परका नाही.

कपड्यांवरून साल ठरवायचं असेल तर १७६२ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी विचारवंत रूसोचा ‘एमिल’ हा मुलांच्या शिक्षणावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मुलांना घट्ट बांधण्यावर त्यानं कडाडून टीका केली. बदल लगेच झाला नाही. पण १७८० नंतरच्या चित्रांत साधा पांढरा मलमली झगा आणि कमरेला एक पट्टा, किंवा मुलग्यांना आखूड बंडीला गुंड्यांनी जोडलेली लांब विजार वारंवार दिसू लागते. मोठ्यांच्या जरीच्या पोशाखाची छोटी प्रत घातलेलं मूल दिसलं, तर ते चित्र बहुधा त्याआधीचं.

ही मुलं हसत का नाहीत?
– बारावीची विद्यार्थिनी, सात रस्ता

ओठ मिटून हसतात. दात दाखवणं असभ्य समजत. १७८७ च्या सालोंमध्ये एलिझाबेत विजे लब्रँ या चित्रकर्तीनं मुलीला कवेत घेतलेलं स्वतःचं चित्र मांडलं. त्यात तिचे दात जरासे दिसतात, तर त्यावरही टीका झाली. त्याच वर्षीच्या तिच्या दुसऱ्या मोठ्या चित्रात राणी मारी आंत्वानेत मुलांसोबत बसली आहे आणि थोरला मुलगा रिकाम्या पाळण्याकडे बोट दाखवतो आहे. त्या जूनमध्ये धाकटी सोफी वर्षाचीही न होता गेली होती, आणि बोट दाखवणारा मुलगाही जून १७८९ मध्ये गेला. या चित्रांतला गंभीरपणा पाहताना ही पार्श्वभूमी मनात असावी.

आमचा यंत्रमागाचा धंदा आहे. या चित्रांचं कापड कसलं असे? ते पाहून चित्राचा काळ कळतो का?
– साखर पेठ

तुमच्या हाताला हे इतरांपेक्षा लवकर कळेल. कापड अळशीच्या, म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्याचं किंवा अंबाडीसारख्या हेंप धाग्याचं. वीण साधी, एकावर एक. सूत हातानं कातलेलं असल्यामुळे धागा मध्येच जाड, मध्येच बारीक. तुमच्याकडचं धागे मोजायचं एक इंची भिंग, म्हणजे पिक ग्लास, कापडाच्या उघड्या पाठीवर ठेवा. या काळच्या फ्रेंच कापडात साधारण २५ ते ३८ उभे आणि जवळपास तितकेच आडवे धागे इंचाला मिळतात. धागा अगदी एकसारखा असेल तर गिरणीचं सूत, म्हणजे एकोणिसावं शतक किंवा नंतरचं. कापसाचा धागा निघाला तर संशय आणखी वाढतो. कडेला सुटून पडलेला एखादा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की उलगडा होतो. कापूस पिळलेल्या फितीसारखा दिसतो, तर जवसाच्या तंतूवर बांबूसारख्या गाठी असतात. चित्रातून धागा उपसू नका आणि जाळून पाहण्याचा विचारही नको.

कापडाला तुम्ही लावता तशी खळच लावत, पण कातड्याच्या सरसाची. सरस तेल आणि कापड यांच्यामध्ये आड उभा राहतो; नाहीतर तेल धाग्यात मुरून तो कुजवतं. त्यावर अस्तर, म्हणजे रंगाखालचा थर. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये आधी लाल मातीचा थर आणि त्यावर राखाडी थर देत. पुढे अस्तर फिकट होत गेलं. रंग झिजलेल्या जागी खालून तांबूस झाक दिसते ती त्या लाल थरामुळे.

आणखी एक खूण. ओल्या खळीचं कापड खिळ्यांनी ताणलं की खिळ्याजवळ धागे ओढले जातात आणि काठाशी लाटा उमटून कायमच्या राहतात. चारही बाजूंना लाटा असतील तर चित्राचं माप मूळचं. तीन बाजूंना असून चौथीला नसतील तर ती बाजू कापलेली असू शकते. पण अस्तर दिलेलं तयार कापड दुकानातून घेतलं असेल तर लाटा मुळातच पुसट असतात. त्यामुळे एवढ्या एका खुणेवर निकाल देऊ नका.

आमच्या जुन्या वाड्यात सोनेरी चौकटीत युरोपियन मुलाचं मोठं चित्र आहे. हातात पक्षी आहे आणि पाठीवर फ्रेंच अक्षरं आहेत. घरचे ‘दोनशे वर्षांपूर्वीचं अस्सल’ म्हणतात. घरच्या घरी काय तपासता येईल?
– मुरारजी पेठ. (उत्तर कसबा आणि होटगी रोडवरून आलेल्या अशाच दोन पत्रांनाही.)

बरंच काही तपासता येतं, आणि त्यासाठी रंगाला हात लावावा लागत नाही. आधी भिंग घ्या. सराफाकडचं दहापट भिंग उत्तम. गालावरचा भाग पाहा. ठिपक्यांची जाळी किंवा रंगीत कणांचा शिडकावा दिसला तर ते छापील चित्र. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातून भारतात ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखे दिसणारे रंगीत छाप, भरपूर आले. १८९४ पासून रवि वर्मा छापखान्यातूनही ते निघू लागले. या छापांवर वार्निश असतं आणि कॅनव्हाससारखी वीण दाबून उठवलेली असते. फसायला होतं ते इथेच. खरी मेख अशी की छापावरची ती वीण सगळीकडे सारखी असते. डोळ्यातल्या पांढऱ्या ठिपक्यावरही तीच, पार्श्वभूमीवरही तीच. खऱ्या तैलचित्रात जाड रंगाखाली वीण बुजते आणि पातळ सावलीत वर येते.

छाप नाही असं ठरलं तर दोघांनी मिळून चित्र उतरवा. टेबलावर स्वच्छ मऊ सुती कापड पसरा, चौकटीच्या कडा त्यावर टेकतील असं चित्र पालथं ठेवा, आणि रंगाचा भाग कशालाही टेकू देऊ नका. मात्र त्याआधीच रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसले तर तिथेच थांबा. चित्र पालथं न करता आडवंच राहू द्या आणि जाणकाराला बोलवा.

आता पाठ वाचा. कापड ताणायची लाकडी चौकट पाहा. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिचे कोपरे पक्के जोडलेले असत. कोपऱ्यात पाचरी ठोकून ताण वाढवायची चौकट त्यानंतर रुळली. पाचरी दिसल्या म्हणून निराश होऊ नका, जुन्या चित्रांच्या चौकटी पुढे सर्रास बदलल्या जात. लाकडावर कमानीसारखे करवतीचे ओरखडे असतील तर ते यंत्राच्या गोल करवतीचे आणि एकोणिसाव्या शतकाकडे बोट दाखवणारे. खिळे पाहा. हातानं घडवलेले खिळे वेड्यावाकड्या डोक्याचे असतात. तारेचे गुळगुळीत गोल खिळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचे. स्टेपलच्या पिना असतील तर निदान ताणणं तरी गेल्या शतकातलं.

मग माप घ्या. फ्रेंच व्यापारी ठरावीक मापांचं कापड विकत आणि त्याचे क्रमांक मुळात सू या नाण्यातल्या किमतीवरून पडले. २७ मि.मी.चा जुना फ्रेंच इंच धरला तर १५ क्रमांकाचं कापड २४ × २० इंच, म्हणजे ६५ × ५४ सें.मी.; २० क्रमांकाचं ७३ × ६० आणि १२ क्रमांकाचं ६१ × ५० सें.मी. भरतं. लहान मुलाचं कमरेपर्यंतचं चित्र बहुधा यांतल्याच एखाद्या मापाचं असतं. तुमचं माप जुळलं तर चांगलं, पण हेच क्रमांक एकोणिसाव्या-विसाव्या शतकातही चालू राहिले, त्यामुळे तेवढ्यानं काळ ठरत नाही.

पाठीवरच्या अक्षरांचा स्वच्छ, तिरक्या प्रकाशात फोटो काढा आणि फ्रेंच येणाऱ्याला दाखवा. चित्रकाराच्या नावाआधी ‘दाप्रे’ असा शब्द असेल तर चित्र त्याच्या चित्रावरून केलेली नक्कल आहे. नक्कल म्हणजे लबाडी असं समजू नका. लूव्र १७९३ मध्ये लोकांसाठी उघडलं आणि तेव्हापासून नकलकार तिथे उघडपणे, शिकण्यासाठी आणि पोटासाठी बसत आले. ग्रोझ आणि शार्दँ या चित्रकारांनी काढलेल्या मुलांच्या चित्रांना मोठी मागणी होती. आमच्या मते भारतातल्या घरांत असलेल्या अशा बहुतेक हाताच्या चित्रांची मुळं अशा नकलांतच सापडतील. चांगली नक्कल जपण्यासारखीच असते.

सहीला सगळ्यात शेवटी महत्त्व द्या. ती कधीही घालता येते. सहीचा रंग भेगेच्या आत उतरलेला दिसला तर भेगा आधीच्या आणि सही नंतरची.

इथपर्यंत सगळं जुळलं तर पुढची पायरी रंगद्रव्यांची, आणि ती प्रयोगशाळेची. क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र चित्राला न खरवडता काम करतं. अठराव्या शतकातला पांढरा म्हणजे शिशाचा पांढरा. जस्ताचा पांढरा तैलचित्रात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आला, टायटॅनियमचा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. कोबाल्ट निळा १८०२ चा, कृत्रिम अल्ट्रामरीन १८२८ च्या सुमाराचा. प्रशियन निळा मात्र चालेल. तो त्याच शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झाला आणि १७२४ मध्ये त्याची कृती छापली गेली. नवं द्रव्य फक्त एखाद्या डागात मिळालं तर ती नंतरची डागडुजी. सगळ्या चेहऱ्याखाली मिळालं तर चित्रच नंतरचं.

डागडुजी घरीही दिसू शकते. अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च तिरकी धरा आणि तिच्याकडे थेट पाहू नका. जुनं राळेचं वार्निश हिरवट चमकतं आणि त्यावर नंतर लावलेला रंग काळपट ठिगळासारखा उठून दिसतो.

काय करू नये, हे इथेच सांगतो. कापसावर टर्पेंटाइन किंवा स्पिरिट घेऊन ‘खरा रंग आहे का’ हे पाहू नका. वार्निशाबरोबर गालावरचा पातळ लाल थरही निघून येतो, आणि फ्रेंच चित्रकारांनी मुलांच्या गालांची सगळी जान त्याच थरात ठेवलेली असते.

असं चित्र परदेशी लिलावाला पाठवता येईल का?
– नवी पेठ

शंभर वर्षांहून जुनं चित्र १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. मूळ चित्र फ्रान्सचं असलं तरी हे बदलत नाही. देशात विकण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे त्याची नोंद करावी लागते का, हे विचारून घ्या. मध्यस्थाच्या तोंडी आश्वासनावर चित्र हवाली करू नका.

सोलापूरच्या उन्हाळ्यात जुनं तैलचित्र टिकावं म्हणून काय करावं? दर मे महिन्यात आमच्या चित्राचे पापुद्रे उडतात.
– विजापूर रोड

उष्णतेपेक्षा कोरडेपणा आणि ओल यांची अदलाबदल जास्त घातक. कापडातला सरस कोरड्या हवेत आकसतो आणि वरच्या कडक झालेल्या रंगाला ओढतो. पावसाळ्यात तोच ढिला पडतो. मे महिन्यात पारा ४३-४४ वर आणि हवा रखरखीत. दुपारी तुम्ही कूलर लावता, त्याची ओली हवा दोन तास चित्रावर येते, मग वीज जाते आणि पुन्हा सगळं कोरडं. ही चढउतार रोज झाली की रंग सुटणारच. पत्रात तुम्ही लिहिलं आहे की चित्र कूलरसमोरच्या पश्चिमेच्या भिंतीवर आहे. आधी ते तिथून हलवा, बाकीचं नंतर.

घराच्या आतली भिंत निवडा, जिच्या दुसऱ्या बाजूला ऊन नाही आणि मोरीही नाही. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून सेंटिमीटरभर जाडीचे बुचाचे तुकडे लावा, म्हणजे मागे हवा खेळेल आणि भिंतीची ओल चढणार नाही. एका खिळ्यावर टांगू नका. दोन आकडे घ्या. चित्रावर पिवळा बल्ब लावला असेल तर काढा. शेजारी स्वस्तातलं आर्द्रता दाखवणारं घड्याळ ठेवा. काटा ४५ ते ६० टक्क्यांत राहिला तर उत्तम. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो एका दिवसात फार हलू नये. ७० च्या वर आठवडाभर राहिला तर पाठीवर बुरशीची पांढरट पूड येते का ते पाहा.

पाठीला पातळ बोर्ड स्क्रूनं बसवा. तो लाकडी चौकटीला लागेल, कापडाला टेकणार नाही, असा. धूळ आणि मागांच्या भागात हवेत तरंगणारे कापसाचे तंतू कापड आणि खालच्या पट्टीच्या फटीत साठतात, तिथे कापड फुगतं आणि समोरून गाठ दिसते. बोर्डानं हे थांबतं. लाकडात वाळवी लागली आहे का, हे जून आणि ऑक्टोबरमध्ये पाहत जा.

पुसायचं असेल तर फक्त मऊ केसांचा कोरडा ब्रश, आणि तोही रंग घट्ट असेल तिथेच. कांदा, बटाटा, पावाचा गर, खोबरेल तेल हे सगळे घरगुती उपाय आम्ही पत्रांत वाचतो. कांद्या-बटाट्याचं पाणी भेगांतून सरसापर्यंत पोचतं आणि पिष्ट मागे राहून किडीला बोलावतं. तेल कधीच नीट वाळत नाही आणि धूळ धरतं. पावसाळ्यात कापड सैल दिसलं म्हणून पाचरी ठोकू नका. त्याच पाचरी मे महिन्यात रंग फोडतात. चादरीत गुंडाळून पत्र्याखालच्या माळ्यावर टाकणं हा सगळ्यात वाईट मार्ग.

सुटलेले पापुद्रे घरी फेविकॉलनं चिकटवू नका, तो पुढे काढता येत नाही. पडलेले तुकडे छोट्या डबीत ठेवा आणि डबीवर ते चित्राच्या कोणत्या भागाचे आहेत हे लिहा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे. तिथे आधी फोटो पाठवून सल्ला विचारा.

मूळ युरोपीय तैलचित्रं पाहायला जवळ कुठे जावं?
– कन्ना चौक

हैदराबादचं सालारजंग संग्रहालय सोलापूरकरांना जवळ पडतं. शुक्रवारी जाऊ नका. मुंबईच्या वर सांगितलेल्या संग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय चित्रं आहेत आणि बडोद्याच्या चित्रशाळेतही आहेत. नेमकी फ्रेंच बालचित्रं मिळतीलच असं धरून जाऊ नका. कोणत्याही जुन्या व्यक्तिचित्रासमोर बाजूला सरकून, तिरक्या नजरेनं रंगाची जाडी पाहा. छापील पानावर कधीच न दिसणारी गोष्ट तीच.

कलाशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाच वर्षांच्या भाच्याचं तैलचित्र त्या काळच्या फ्रेंच पद्धतीनं करायचं आहे. अस्तरापासून सांगाल का?
– अशोक चौक

बाजारातला १८ × २२ इंची कॅनव्हास घ्या. तो जुन्या १० क्रमांकाच्या ५५ × ४६ सें.मी.च्या जवळचा आहे. ॲक्रिलिक जेसोचे, म्हणजे तयार पांढऱ्या अस्तराचे, दोन हात द्या. वाळल्यावर बारीक सँडपेपर फिरवा. मग ॲक्रिलिकमध्ये बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर समभाग मिसळून पातळ थर. दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरा, काळा आणि थोडा रॉ अंबर असा मध्यम राखाडी थर, खालचा तांबूस किंचित झिरपेल इतकाच. या राखाडीवर मुलाच्या चेहऱ्यातले थंड रंग अर्धे आपोआप मिळतात.

भाच्याला बसवायचं ते पंधरा-वीस मिनिटं, उत्तरेच्या खिडकीपाशी, उजेड एका बाजूनं आणि किंचित वरून. पहिल्या बैठकीत फक्त डोक्याचा कल आणि सावलीची सीमा. त्या काळीही मुलं बसत नसत. चेहरा तेवढा समोर बसवून करत आणि कपडे लाकडी पुतळ्यावर चढवून रंगवत. तुम्ही सदरा उशीवर चढवा. हाती काहीतरी खरंच रमवणारं द्या: भिंगरी, गोट्या, पत्त्यांचा बंगला. शार्दँच्या मुलांची नजर खाली असते. त्यामुळे मुलाला तुमच्याकडे पाहत बसावं लागत नाही, हा त्यातला व्यावहारिक फायदा.

मापात बहुतेकांची चूक डोळ्यांच्या रेषेत होते. पाच वर्षांच्या मुलाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यापेक्षा किंचित खाली येतात. ते मध्यावर किंवा वर घेतले की चेहरा लगेच पंधरा वर्षांचा होतो. कपाळ मोठं, नाक आखूड, हनुवटी लहान; उभ्या अंगात डोकं सुमारे पाचवा हिस्सा.

पहिला थर रॉ अंबर आणि पांढऱ्याचा, पातळ; जवसाचं तेल एक भाग आणि टर्पेंटाइन दोन भाग. सावल्या पारदर्शक राहू द्या. दुसऱ्या थराला तेल आणि टर्पेंटाइन समभाग. वरच्या थरात तेल नेहमी खालच्यापेक्षा जास्त, नाहीतर खालचा थर नंतर वाळून आकसतो आणि वरचा फाटतो. घाण्यावरचं खायचं जवसाचं तेल वापरू नका, त्यातला चिकट गाळ रंग पिवळा करतो. चित्रकारांसाठी शुद्ध केलेलं घ्या.

त्वचेचं मिश्रण फ्रेंच पुस्तकातून जसंच्या तसं उचलू नका. त्यांचं उजेडातलं मिश्रण म्हणजे पांढरा सहा भाग, ऑकर एक, लाल पाव. आपल्या मुलाला ते लावलं तर चेहरा खडूचा होतो. गव्हाळ त्वचेसाठी यलो ऑकर दोन, बर्न्ट सिएना एक, पांढरा दोन, कॅडमियम लाल पाव, असं सुरू करा. सावळ्या त्वचेसाठी पांढरा निम्मा करून बर्न्ट सिएना वाढवा. उजेड आणि सावलीच्या मधली पट्टी थंड ठेवा. पांढऱ्यात जरासा आयव्हरी ब्लॅक घातला की निळसर राखाडी मिळतो, तोच तिथे हवा. ही पट्टी विसरलात तर चेहरा भाजलेल्या विटेसारखा तांबडा दिसतो. गाल, कान, नाकाचं टोक आणि बोटांची पेरं शेवटी पातळ लालीनं. शिशाचा पांढरा विषारी आहे. टायटॅनियमचा घ्या, मात्र तो जोरकस असल्यानं निम्माच लागतो.

डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो, राखाडी असतो. चमकेचा ठिपका एकच, खिडकीच्या बाजूला. पापण्यांचे केस मोजून काढू नका.

पांढऱ्या सदऱ्यासाठी एक जुना धडा उपयोगी पडतो. लार्जिलिएर या चित्रकारानं आपला शिष्य उद्री याला फक्त पांढऱ्या फुलांचा गुच्छ रंगवायला लावला होता. पांढरं पांढऱ्याशेजारी ठेवून पाहिलं की त्यातले पिवळे, निळे, गुलाबी सगळे उघडे पडतात. १७४९ साली उद्रीनं हेच तुलनेनं रंग पाहण्याचं तत्त्व राजसंस्थेपुढे मांडलं. सदऱ्याशेजारी कोरा कागद आणि एक पांढरा रुमाल टांगा, आणि तिघांतला फरक आधी एका छोट्या बोर्डावर रंगवून पाहा.

वाळवताना चित्र कपाटात ठेवू नका, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. पंख्याखालीही नको, ओल्या रंगावर तंतू बसतात. अंबर दिवसा-दोन दिवसांत वाळतो. काळा आणि ‘लेक’ जातीचा पारदर्शक लाल आठवडाही घेतात, तेव्हा त्यांच्यावर घाईनं पांढरा चढवू नका. शेवटचं वार्निश सहा महिन्यांनी, रंग जाड असेल तर वर्षानं. पावसाळ्यात लावू नका. दमट हवेत त्यावर पांढरट धुकं धरतं. दिवाळीनंतरचा कोरडा, थंड दिवस बघा.